किंमत तीच, पण चहाचा डबा भरत नाही: पुड्यांतले वजन कमी होत असल्यास आपण काय करावे?

खाडीकाठ (राजापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

आमचे घर राजापूर तालुक्यात खाडीच्या काठी आहे. घरात कायमची माणसे पाच, पण चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी आले की हीच संख्या चोविसावर जाते. वाणसामानाचा हिशेब गेली चौदा वर्षे मीच वहीत लिहिते. गेल्या काही महिन्यांपासून या हिशेबात एक गोष्ट जुळत नाही. दर फारसे वाढलेले दिसत नाहीत, सामानाची यादीही तीच आहे, तरीही महिना भरण्याआधीच दुकानाची एक जास्तीची फेरी होते.

आमच्याकडे चहा पावडरीचा एक पितळी डबा आहे, सासूबाईंच्या लग्नातला. चहाचा पाव किलोचा पुडा त्यात रिकामा केला की पावडर अगदी गळ्यापर्यंत येत असे. झाकण लावताना ती थोडी ओट्यावर सांडायचीच, आणि सासूबाई ती बोटाने टिपून पुन्हा डब्यात टाकीत. गेल्या श्रावणात पुडा ओतल्यावर डब्यात बोटभर जागा मोकळी राहिली. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, पण झाकण लावून झाल्यावर त्यांनी सवयीने ओट्यावर बोट फिरवले आणि ‘आज सांडली कशी नाही?’ असे विचारले. त्या प्रश्नामुळे माझे लक्ष गेले.

मला पहिला संशय दुकानदाराचाच आला, आणि तो मी चार गिऱ्हाइकांसमोर बोलूनही दाखवला. घरी आल्यावर काजूबी मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पावडर मोजली, तर ती २२५ ग्रॅम भरली. पुड्यावरही ‘निव्वळ वजन २२५ ग्रॅम’ असेच छापलेले होते. त्याच चहाची साधारण दोन वर्षांपूर्वीची रिकामी पुडी मी पडवळाच्या बिया ठेवायला जपून ठेवली होती. ती शोधून पाहिली, तर तिच्यावर २५० ग्रॅम होते. छापील किंमत दोन्हींवर १४० रुपये, आणि रंग, चित्र, पुडीची लांबी-रुंदी यांत मला काडीचाही फरक दिसला नाही.

बिस्किटांचीही तीच गत आहे. दहा रुपयांच्या ज्या पुड्यात पूर्वी बारा बिस्किटे निघत, त्यात आता दहा निघतात. चतुर्थीला सकाळच्या चहाबरोबर माणशी दोन बिस्किटे द्यायची म्हटली की पूर्वी चार पुडे नेमके पुरत, यंदा पाचवा फोडावा लागला. ही रक्कम मोठी नाही, हे मलाही कळते. पण साबण, धुण्याची पावडर, शेव असे सगळे मिळून ती किती होत असेल, याची कल्पना मला वहीतूनही येत नाही, कारण वहीत मी आजवर फक्त ‘चहा पुडा १, रु. १४०’ एवढेच लिहीत आले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. किंमत तीच ठेवून वजन कमी करणे कायद्याला धरून आहे का? यात दुकानदाराचा काही हात असतो का? आणि आमच्यासारख्या घराने हे वेळीच ओळखायचे कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तराजू (रत्नागिरी)

ताई, ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. आपण बोलण्याआधी नाही तरी बोलल्यानंतर वजन करून पाहिलेत, हे फार बरे केलेत, कारण यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पुड्यावर २५० ग्रॅम छापून आत २२५ ग्रॅम भरणे हा गुन्हा आहे. वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ (म्हणजे वजन-मापांचा कायदा) आणि त्याखालील आवेष्टित, म्हणजे पुड्यात बंद केलेल्या, वस्तूंचे २०११ चे नियम यांप्रमाणे छापलेले निव्वळ वजन आत असलेच पाहिजे. यंत्राने भरताना होणाऱ्या चुकीसाठी थोडी सूट आहे, आणि तीही ठरलेली आहे: ५० ते १०० ग्रॅमच्या पुड्याला साडेचार ग्रॅम, २०० ते ३०० ग्रॅमच्या पुड्याला ९ ग्रॅम, अर्धा ते एक किलोला १५ ग्रॅम. ही सूट एखाद्या पुड्यापुरती आहे, सगळ्याच पुड्यांत ९ ग्रॅम कमी भरण्याची ती परवानगी नव्हे. आपल्या पुड्यात छापल्याइतकी पावडर भरली, म्हणजे वजनात चोरी झालेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन कमी करून ते कमी झालेले वजनच प्रामाणिकपणे छापणे. याला आज कायद्याची आडकाठी नाही. पूर्वी मात्र होती, आणि ती कशी गेली हे समजून घेण्यासारखे आहे. २०११ च्या नियमांना एक दुसरी अनुसूची जोडलेली होती. तिच्यात चहा, कॉफी, बिस्किटे, खाद्यतेल, पीठ, मीठ, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू होत्या आणि त्या ठराविक वजनांच्याच पुड्यांत विकाव्या लागत. उत्पादकाला मनात आले म्हणून मधलेच एखादे वजन काढता येत नसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेल्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द केली आणि २०२२ मध्ये तो बदल अमलात आला. तेव्हापासून कोणत्याही वजनाचा पुडा काढण्याची मोकळीक आहे.

त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या हाती एक साधनही दिले आहे, ते म्हणजे एकक विक्री किंमत. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर दर ग्रॅमला किती रुपये पडतात, आणि एक किलोपेक्षा जास्त असल्यास दर किलोला किती, हे छापणे बंधनकारक आहे. पातळ पदार्थांसाठी मिलिलिटर आणि लिटर. आपल्या नव्या पुड्यावर छापील किमतीच्या जवळपास ‘०.६२ रुपये प्रति ग्रॅम’ अशा अर्थाचा आकडा असायला हवा. २५० ग्रॅमच्या पुडीचा हिशेब ०.५६ येतो. वजन दहा टक्क्यांनी घटले असे आपल्याला वाटते, पण दर मात्र अकरा टक्क्यांहून थोडा जास्त वाढलेला असतो. आपले बिस्किटाचे पुडे समजा ७५ ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आले असतील, तर वजनातली घट २० टक्के आणि दरातली वाढ पूर्ण २५ टक्के. माणूस घट मोजायला जातो आणि वाढ त्याच्या नजरेतून निसटते.

हा आकडा फार बारीक अक्षरात आणि बहुधा पुड्याच्या मागच्या बाजूच्या दुमडीत असतो, ही माझी जुनी तक्रार आहे. ज्यांच्यासाठी तो छापायचा, त्या वयस्कर माणसांना तो वाचता येत नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना, अशा वजन घटलेल्या वस्तूंजवळ तशी स्पष्ट सूचना दोन महिने लावावी लागते. आपल्याकडे निदान पुड्याच्या दर्शनी बाजूला ‘वजनात बदल’ एवढे दोन शब्द काही महिने छापणे सक्तीचे करावे, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

छापलेल्यापेक्षा वजन कमी भरले, एकक किंमत छापलेली नसली, किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते. पुडा फोडू नये, पावती जपून ठेवावी. आपल्या चहाबाबत मात्र तक्रारीला जागा दिसत नाही.

वाणसामान (कणकवलीजवळ)

मी किराणा दुकानदार आहे, म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी द्यावे हे बरे.

आमचा यात हात नसतो, आणि बहुतेक वेळा आम्हाला आधी कळवलेलेही नसते. गाडी येते, खोके उतरते, त्यावर किंमत तीच, नगही तेवढेच. वजन बदलले आहे हे मलासुद्धा एखाद्या गिऱ्हाइकाने विचारल्यावरच कळलेले आहे, आणि ‘पुडा हलका लागतो’ हे वाक्य ऐकून घेण्याची पाळीही माझ्यावर आलेली आहे. आमच्या तराजूला दर वर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का आम्ही दर्शनी लावतो, कारण गावात दुकानदाराची पत एकदा गेली की ती परत मिळवायला पिढी लागते. एखाद्या माउलीने चार माणसांत संशय घेतला की रात्री जेवण गोड लागत नाही, एवढे सांगतो. ताई, तुमच्यावर राग नाही, तुमच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते.

वजनच का कमी करतात, किंमत का वाढवत नाहीत, याचे कारण गल्ल्यात आहे. पाच आणि दहा रुपयांच्या मालावरच आमचा निम्मा दिवस चालतो. शाळेतली पोरे, बागेत कामाला आलेले गडी, होडीवर जाणारे खलाशी, सगळे हातात नाणे धरूनच येतात. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पन्नास पैसे कायद्याने चालतात पण कोणी घेत नाही. म्हणजे पाच रुपयांच्या पुड्याला पुढची पायरी सहाचीच, आणि ती एकदम २० टक्क्यांची उडी होते. साडेपाच रुपये सांगितले तर सुट्ट्यावरून रोज भांडण. म्हणून किंमत खिळून राहते आणि आतला माल वर-खाली होतो.

वर-खाली म्हणतो, कारण उलट दिशेनेही एकदा झालेले मी पाहिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दहा रुपयांच्या पुड्यात मूळ किंमत ८ रुपये ४७ पैसे आणि बाकीचा कर होता. नव्या कराने तो पुडा ८ रुपये ९० पैशांना बसतो. ९० पैशांचा व्यवहार कोण करणार? त्यामुळे काही उत्पादकांनी दहा रुपये तसेच ठेवून वजन वाढवून दिले. हिशेबाने ६० ग्रॅमच्या जागी ६७ ग्रॅम यायला हवेत. माझ्याकडे वजन वाढलेले पुडे आले, पण सगळ्यांचे वाढलेले नाही. मी स्वतः काट्यावर घालून पाहिले आहेत. ज्यांनी वाढवले त्यांनी पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘जादा’ असे छापले. कमी करताना मात्र तेवढी अक्षरे कोणाला सापडत नाहीत, याचे वाईट वाटते.

गेल्या महिन्यापासून मी दुकानात एक फळी टांगली आहे. ज्या मालाचे वजन बदलेल त्याचे नाव, जुने वजन आणि नवे वजन खडूने लिहितो. माल देणाऱ्याला ते आवडलेले नाही. गिऱ्हाइके मात्र उभी राहून वाचतात.

वाटा (वेंगुर्ले)

मला यात एवढा आक्षेप घेण्यासारखे काय आहे ते समजलेले नाही, म्हणून विचारतो. आपल्याकडे बाजारात मासळीचा वाटा लावतात. मुडदुशांचा किंवा मांदेलीचा शंभराचा वाटा ऑक्टोबरात केवढा असतो आणि मे महिन्याच्या शेवटी, पावसाळी मासेमारीची बंदी तोंडावर आली असताना, केवढा होतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. दर शंभरच, मासळी निम्मी. त्यावर कोणी कायदा विचारत नाही. माल महाग झाला की एक तर दर वाढणार, नाही तर माप कमी होणार. यात नवे काय?

खाडीकाठ

दादा, आपला मुद्दा रास्त आहे, म्हणून मी त्यावर दोन दिवस विचार केला.

मासळीचा वाटा उघड्या फळीवर असतो. मी वाकून बघते, एखादा मासा उलटा करून गलफड बघते, ‘आज एवढासाच गे?’ असे कोळणीला विचारते, आणि ती ‘दर्याक जावन बघ’ म्हणते, तरी वर दोन मासे टाकते. वाटा लहान झाला आहे हे तिला माहीत असते, मला माहीत असते, आणि का झाला हेही दोघींना माहीत असते. न पटल्यास मी पुढच्या पाटीकडे जाते. चहाच्या पुड्याशी असे बोलता येत नाही. तो शिवलेला असतो, बाहेरून पूर्वीएवढाच दिसतो, आणि तो तसाच दिसावा याची काळजी घेतलेली असते. माझा आक्षेप माल महाग होण्याला नाही. चहा महागला असे कोणी सरळ सांगितले असते, तर मी एक चमचा कमी टाकला असता किंवा दुसरा चहा आणला असता. तो निर्णय माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी व्हायला हवा होता. तो माझ्या नकळत दुसऱ्याच कोणी घेतला, हे मला खुपते.

आगळ (कुडाळ तालुका)

हा धागा वाचून मला राहवले नाही. आम्ही बाराजणी मिळून बचत गटाच्या नावाने मालवणी मसाला, कोकम आगळ आणि कुळथाचे पीठ करतो. म्हणजे मी पुडा भरणाऱ्यांच्या बाजूची आहे, आणि जे लिहिते ते कबुली म्हणूनच समजावे.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला बाटल्या देणाऱ्याने बाटली बदलली. आधीची ७५० मिलिलिटरची होती, नवी ७०० ची आली. उंची तीच, फक्त बूड आत ओढलेले. आमचे लेबल नव्याने छापले, त्यावर ७०० असे बरोबर लिहिले, आणि किंमत तशीच ठेवली. त्या वर्षी रातांब्याचे पीक पावसाने झोडपले होते, मीठ महागले होते, तेव्हा बैठकीत एकीनेही हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. मनात आले होते, पण बोलले नाही.

पुढच्या मे महिन्यात गिरगावातल्या एका आजींचा फोन आला. त्या आमच्याकडून पहिल्या वर्षापासून आगळ घेत आहेत. त्या म्हणाल्या, ‘अगो, बाटली तीच दिसते, पण सोलकढी चार दिवस आधी संपते, माझाच हात सैल झाला असेल.’ त्यांनी स्वतःलाच दोष दिला. मला फोनवर काही सुचेना. संध्याकाळी मी गटात हे सांगितले तेव्हा कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. नंतर आजींना मीच फोन करून खरे काय ते सांगितले.

त्यानंतर मिरची महागली तेव्हा मसाल्याची २०० ग्रॅमची पिशवी १८० वर आणावी, असा विषय पुन्हा निघाला. कागदावर ते सोपे दिसते. पण आम्ही वजन २०० च ठेवले, किंमत १६० वरून १८० केली, आणि प्रत्येक पार्सलात ‘ब्याडगी व संकेश्वरी मिरचीचे दर वाढल्याने किंमत वीस रुपयांनी वाढवली आहे, वजन पूर्वीइतकेच आहे’ अशी चिठ्ठी घातली. काही गिऱ्हाइके गेली, हे खोटे सांगणार नाही. एका दुकानाने मागणी निम्म्यावर आणली, कारण शेजारच्या फळीवरची पिशवी अजून १६० लाच होती. तिच्यात १७५ ग्रॅम होते, म्हणजे ग्रॅमचा दर आमच्यापेक्षा एक पैसा जास्तच पडत होता, पण माणूस फळीसमोर उभा राहून भागाकार करत नाही. सरळ वागणाऱ्याचा माल महाग दिसतो, ही आमच्यासारख्या लहान उत्पादकांची खरी अडचण आहे. म्हणून एकक किंमत मोठ्या अक्षरात, पुढच्या बाजूला छापण्याची सक्ती झाली, तर ती ग्राहकांच्या आधी आम्हालाच हवी आहे.

तराजू

आगळताई, आपण लिहिलेत ते मी आमच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, आपली हरकत नसावी.

वेळीच ओळखायचे कसे, या तिसऱ्या प्रश्नाला जोडून दोन गोष्टी राहिल्या होत्या. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो असे धरून चालू नये. काही वस्तूंत दहा रुपयांच्या लहान पुड्याचा ग्रॅमचा दर मोठ्या पुड्यापेक्षा कमी असतो, तेव्हा दोन्हींवरचा आकडा पाहूनच घ्यावे. आणि तेलाच्या पिशवीवर लिटरबरोबर ग्रॅमही वाचावेत. तेल तापले की पसरते, त्यामुळे एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅमच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तेल भरणाऱ्यांना तापमानाचा उल्लेख न करता माप आणि वजन दोन्ही छापण्यास सांगितले, ते याच कारणाने. दोन पिशव्या हातात घेऊन ग्रॅम ताडून पाहिले की फरक लगेच कळतो.

खाडीकाठ

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानदारदादांकडे गेले आणि ज्या चार माणसांसमोर बोलले होते, त्यांपैकी दोघे तिथे असतानाच त्यांची माफी मागितली. त्यांनी आतून पाणी आणून दिले. कणकवलीच्या फळीविषयी सांगितल्यावर त्यांनी खडू मागवला आहे.

वहीत आता चार रकाने केले आहेत: वस्तू, निव्वळ वजन, छापील किंमत आणि ग्रॅमचा दर. शेवटचा रकाना मुलगी भरते, तिची नजर चांगली आहे. पहिल्याच दिवशी तिने पडवळाच्या बियांची ती जुनी पुडी उन्हात धरून मागची दुमड उलगडली. किमतीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ०.५६ छापलेले होते. नव्या पुड्यावर त्याच जागी ०.६२ आहे. दोन्ही आकडे इतके दिवस आमच्याच घरात होते. बिया आता काचेच्या बाटलीत काढल्या आहेत, आणि पुडी वहीच्या पहिल्या पानाला टाचली आहे.